मोजमाप कोणाच्या हाती?

शासकीय संगणक-प्रणालींबाबत माझा एक आग्रह आहे व तो अनेक सहकाऱ्यांना रुचत नाही. प्रणाली कशी चालते हे मोजण्याचे काम ती चालवणाऱ्या कंत्राटदाराकडे असता कामा नये. मी पाहिलेल्या बहुतेक करारांत ते त्याच्याकडेच होते. महिनाअखेरीस तो 'उपलब्धता ९९.५ टक्के' असा अहवाल देतो आणि त्याच अहवालावर त्याचे देयक मंजूर होते.

आकडा भारदस्त वाटतो. पण तीस दिवसांचे तास ७२०. त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. ही वेळ मध्यरात्री गेली तर फारसे कोणाचे बिघडत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या अखेरच्या दुपारी गेली तर एखाद्या मुलीचे शिक्षण थांबते. सरासरीला हा फरक दिसत नाही.

महाराष्ट्रात पैसेवारी ५० पैशांच्या खाली की वर, यावर गावाला मिळणाऱ्या सवलती ठरतात. म्हणून अंतिम निर्णय केवळ नजर अंदाजावर सोडत नाहीत. शेतात प्लॉट आखून, पीक कापून, धान्य तोलून पाहतात. जे शेताच्या बांधावर कळते ते सर्व्हरपाशी का कळू नये?

खरे तर यंत्र स्वतःच सर्व सांगत असते. विंडोज एनटी १९९३ साली आली तेव्हापासून तिच्यात परफॉर्मन्स काउंटर आहेत. लिनक्समध्ये 'प्रॉक' या आभासी फोल्डरातील 'स्टॅट' नावाची फाईल हेच काम करते. हे काउंटर घरच्या वीजमीटरसारखे असतात. त्यांतील बरेचसे आकडे यंत्र सुरू झाल्यापासून वाढतच जातात. एकदा वाचून काहीच कळत नाही. ठरावीक अंतराने दोनदा वाचावे, वजाबाकी करावी व मधल्या वेळेने भागावे, तेव्हा त्या क्षणीचा वेग कळतो. हे करणारा छोटा प्रोग्राम कोणताही होतकरू अभियंता काही दिवसांत लिहू शकेल. दर दहा सेकंदांनी नोंद केली तरी दिवसाला ८,६४० नोंदी होतात. आजच्या संगणकाला हा भार नगण्य आहे.

मात्र मोजण्यातही विवेक हवा. जुना ३२-बिटी काउंटर १ गिगाबिटच्या भरलेल्या वाहिनीवर सुमारे ३४ सेकंदांत शून्यावर परततो. पाच मिनिटांनी वाचणाऱ्याला त्यातून खोटेच उत्तर मिळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय वाचावे. एका आढावा बैठकीत मला प्रोसेसरचा आलेख दाखवण्यात आला. भार अगदी कमी होता. त्याच वेळी बाहेर सेवाकेंद्रांवर लोक ताटकळत होते. प्रोसेसर निवांत होता, कारण विनंत्या डेटाबेसच्या कुलपापाशी अडकल्या होत्या. प्रतीक्षेतील विनंत्यांचा काउंटर त्या आलेखात नव्हताच. जो मोजतो तोच काय लपवायचे हेही ठरवतो.

माझ्या आग्रहाला 'सुरक्षेला धोका' हे उत्तर मिळते. काउंटर वाचण्यासाठी नागरिकांच्या माहितीला हात लावावा लागत नाही. केवळ वाचण्यापुरता मर्यादित अधिकार पुरतो. 'हे अधिकाऱ्याचे काम नव्हे' असेही म्हणतात. मग रस्त्याच्या डांबराची जाडी मोजणे तरी कोणाचे काम? तेथे मोजमाप पुस्तिका खात्याच्या अभियंत्याकडे असते आणि ठेकेदाराने ती स्वतः भरली तर आपण त्याला गैरव्यवहार म्हणतो. सर्व्हर खोलीत तीच गोष्ट आपण व्यवस्था म्हणून स्वीकारली आहे.

म्हणून प्रत्येक निविदेत चार अटी असाव्यात. काउंटर थेट वाचण्याचा अधिकार खात्याला असावा. मोजणारा प्रोग्राम, त्याच्या मूळ संहितेसह, खात्याच्या मालकीचा असावा. सरासरी नव्हे, मूळ नोंदी जपल्या जाव्यात. आणि दंड ठरावा तो या नोंदींवरून, गर्दीच्या तासांना अधिक वजन देऊन.

बंगळुरू, हैदराबाद वा परदेशी राहून संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. आपल्या कंपनीचे सर्व्हर ते रोज असेच पाहतात. खासगी नफ्यासाठी जी दक्षता सहज घेतली जाते, ती रांगेतल्या नागरिकासाठी घेताना शासनाला संकोच का वाटावा? ज्याच्या हाती माप त्याच्याच हाती कारभार असतो. ते माप आपण कंत्राटाबरोबर देऊन टाकले आहे. ते परत घेतले पाहिजे.