कवीची वेठ कधी संपणार?

१४ एप्रिल रोजी राजारामपुरीच्या गल्ल्या भीमगीतांनी दुमदुमतात. गायकाचे नाव पुकारले जाते, ध्वनिक्षेपकाचे भाडे चुकते होते. गीत रचणाऱ्याची कोणास आठवणही होत नाही. तो बोललाच, तर त्यास ऐकविले जाते, “बाबासाहेबांच्या कार्याचा मोबदला कसला?”

हा वतनाचाच जुना न्याय नव्हे काय? सेवेच्या नावाखाली श्रम फुकट घेणारे महार वतन राजर्षी शाहू महाराजांनी याच करवीरात १९१८ साली रद्द केले. धम्मात दानाला स्थान आहे. पण स्वेच्छेने दिले ते दान, न विचारता घेतले ती वेठ. विहारात कवीने खुशाल विनामूल्य गावे. परंतु त्याच गीताच्या ध्वनिमुद्रणावर कंपनीने पैसा मिळवावा आणि कवीने रिकाम्या हाती राहावे, हे आम्हांस मान्य नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये गीत रचताच हक्क कवीचा होतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. लोककवी वामनदादा कर्डक २००४ साली निवर्तले. त्यांच्या रचनांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार ध्वनिमुद्रित गीताच्या रॉयल्टीतील समान वाटा गीतकारास कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही.

म्हणून, बौद्ध बंधुभगिनींनो, करार वाचल्याविना सही करू नका. वहीत प्रत्येक गीताखाली तारीख घाला. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद होऊन गीते नोंदवा. दिवंगत शाहिरांच्या वारसांनीही हे करावे. वतन गेले, त्याची सवयही आता गेली पाहिजे.

जय भीम!