बंदूक घरात, काडतूस खडकीत



रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की कोरडवाहू शिवारातली झोप संपते. दिवसा पाखरे आणि रात्री रानडुकरे. पाखरांना गोफण पुरते, घरची पोरे पुरतात. डुकरांच्या कळपाला यातले काहीच पुरत नाही. कणीस उंचावर आणि डुक्कर बुटके, म्हणून ते अख्खे ताट आडवे करते, चार घास खाते आणि पुढच्या ताटाला लागते. खाल्ल्यापेक्षा तुडवलेले जास्त. कोरडवाहू माणसाची ज्वारी म्हणजे दोन पिके असतात, दाणा घरच्या माणसांसाठी आणि कडबा दावणीच्या जनावरांसाठी. एका रात्रीत दोन्ही मातीत जातात. कपाशीत हिरव्या बोंडांची हीच गत. कर्जत-श्रीगोंद्याकडे काळविटांचे कळप कोवळी उगवणच खुडून नेतात, तिथे हुरड्यापर्यंत पोचण्याचाही प्रश्न उरत नाही.

या रात्रींसाठी कायद्याने शेतकऱ्याला एक साधन दिले आहे. ते साधन म्हणजे पीक संरक्षणाचा बंदूक परवाना. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम काय म्हणते ते प्रत्येकाने समजून घ्यावे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, नाकारण्याचे कायदेशीर कारण नसेल तर, परवाना अधिकाऱ्याने परवाना द्यायचा आहे. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही अशी त्याची खात्री पटली तर काडतुसाची साधी बंदूकही देता येते. याचा अर्थ असा की पिकाची राखण हे बंदूक बाळगण्याचे रास्त कारण आहे, हे सरकारने स्वतःच्या कायद्यात लिहून ठेवले आहे.

हा हक्क सहज आलेला नाही. १८५७ नंतर गोऱ्या सरकारने या देशाच्या हातातले हत्यार काढून घेतले आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा केला. गोऱ्याला मोकळीक आणि काळ्याला परवाना, असा तो कायदा होता. काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांची जी यादी मंजूर झाली, तिच्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांनी नवा कायदा आला आणि त्यात शेतकऱ्याच्या पिकाला जागा मिळाली.

जागा मिळाली ती कागदावर. आज ज्यांच्या घरात परवान्याची बंदूक आहे त्यांना विचारा, ती शेवटची कधी वाजली? उत्तर एकच येते. काडतूस मिळत नाही, मिळाले तर परवडत नाही. ठासणीवाल्यांचे गाऱ्हाणे त्याहून जुने, त्यांना दारू आणि टोप्या विकणारे दुकान शोधत फिरावे लागते. काडतुसाविना बंदूक म्हणजे लोखंडी काठी, आणि तीसुद्धा अशी की जी हरवली तर तुरुंगाची भीती.

ही टंचाई कुठून येते ते पाहू. बारा बोअरचे काडतूस ज्या 'शक्तिमान' नावाने आपण ओळखतो, ते पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनते. हा कारखाना १८६९ चा. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, त्यात खडकी 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड'कडे गेली. या कारखान्याचे पहिले गिऱ्हाईक सैन्य आहे आणि ते तसेच असायला हवे. पण ज्याचे पहिले गिऱ्हाईक इतके मोठे, त्याच्या रांगेत वर्षाला पाच-दहा काडतुसे मागणारा शेतकरी कितवा उभा असणार? परदेशी मालाची व्यापारी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. २००१ साली संरक्षण उत्पादन खाजगी उद्योगाला खुले झाले, २०२४ मध्ये कानपुरात खाजगी दारूगोळा कारखाना उभाही राहिला, पण त्याचाही रोख सैन्याच्या मागणीकडे आहे. आपल्या बारा बोअरसाठी रांग लावायला नवे कोणी नाही.

कापूसवाल्यांना हे सांगायला नको. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. विकणारे लाखो आणि घेणारा एक. तो म्हणेल ती प्रत, तो देईल तेव्हा पैसे. इथे उलटे आहे, घेणारे हजारो आणि बनवणारा मुख्यतः एक. पारडे फिरले तरी शेतकरी खालच्याच बाजूला.

कोणी म्हणेल, टंचाई जगभर आहे. खरे आहे. २०२० च्या कोरोना साथीत अमेरिकेत बंदुकांची विक्रमी खरेदी झाली, दुकानांतली फळकुटे रिकामी पडली आणि गिऱ्हाइकामागे ठराविकच डबे मिळू लागले. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले आणि युरोपात गोळ्यांना लागणारी दारूच कमी पडू लागली. ती का कमी पडली हे कापूसवाल्यांनी मुद्दाम ऐकावे. आजची बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजपासून होते आणि त्याचा उत्तम कच्चा माल म्हणजे जिनिंगनंतर सरकीवर उरणारी आखूड लव, जिला व्यापारात लिंटर म्हणतात. १८४६ साली शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ही स्फोटक वस्तू बनवली, म्हणून तिचे नावच 'गनकॉटन'. युरोपला हे लिंटर मुख्यतः चीनकडून घ्यावे लागते आणि २०२४ मध्ये त्यांचे मंत्री आणि कारखानदार याच काळजीत होते. आपल्याकडे निलगिरीतल्या अरुवनकाडूला आणि आपल्या भंडाऱ्याला अशा दारूचे सरकारी कारखाने आहेत. आणि आपली सरकी? ती बहुतेक लवेसकट घाणीत जाते आणि जगाला हवे असलेले लिंटर पेंडीबरोबर म्हशीच्या पोटात जाते. ज्याच्या बोंडातून बंदुकीची दारू निघते, त्यालाच बोंड राखायला काडतूस मिळू नये, हा व्यवहार कोणी ठरवला?

आता भावाचा हिशेब. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये आहे, म्हणजे किलोला साडेसदतीस रुपये. काडतूस शंभर रुपयांना पडले असे धरा. हा आकडा हिशेबाच्या सोयीचा आहे, तुमच्या पावतीवरचा आकडा तुम्ही घाला. एक बार म्हणजे अडीच किलोहून जास्त ज्वारी, तीही बाजारात हमीभाव मिळाला तर. त्यात दुकानापर्यंतचे एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस मिळवा. माल शिल्लक नाही म्हणून रिकाम्या हाताने परतलात तर तो खर्च दुप्पट धरा. हमीभाव काढताना बियाणे, खत, मजुरी मांडतात. रात्रीच्या राखणीच्या काडतुसाला त्यात कोणता रकाना आहे?

काडतूस मिळाले तरी बंदूक हातात असेल याची खात्री नाही. २०२४ ची विधानसभा आठवा. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ ला निकाल. कपाशीची वेचणी आणि ज्वारीची उगवण ऐन याच दिवसांत. अशा वेळी बंदुका पोलिस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते आणि परत मिळतात त्या निकाल लागून गेल्यावर. निवडणूक आयोगाच्या सूचना मात्र वेगळे सांगतात. जिल्ह्याच्या छाननी समितीने परवानाधारक तपासावेत आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत सापडलेले अशांची शस्त्रे जमा करावीत. सिंधुदुर्ग आणि गोव्याचे बागायतदार दर निवडणुकीत हेच ओरडून सांगत आले आहेत. सरसकट नोटीस काढणे सोपे, म्हणून ती निघते.

तिसरे दार वनखात्याचे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली उभ्या पिकाला धोका करणाऱ्या रानडुकरासारख्या जनावरासाठी अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, आणि २०१५ साली राज्य सरकारने रानडुक्कर व रोही यांच्यासाठी तशी वाट काढली होती. मेलेले जनावर सरकारची मालमत्ता असते, ते वनखात्याच्या ताब्यात द्यायचे. काळविटावर मात्र बार टाकाल तर तीन ते सात वर्षांची कैद आहे, पीक गेले हे कारण तिथे चालत नाही. रेहेकुरी आणि माळढोक अभयारण्यांच्या दहा किलोमीटरच्या आतल्या गावांना आणखी एक अट आहे. शस्त्रधारकाने वनखात्याकडे नोंद करायची आणि नवा परवाना त्यांच्या संमतीशिवाय नाही. एका जोंधळ्यासाठी महसूल, पोलिस, वन अशी तीन खाती आणि एक कारखाना. डुक्कर मात्र कोणाच्या शिक्क्याची वाट पाहत नाही.

या सगळ्याचा शेवट कुठे होतो ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. काडतूस नाही, परवानगी नाही, मग कुंपणाच्या तारेत वीज सोडली जाते. रात्रीच्या लाइटवर पाणी धरायला निघालेला शेजारचा पोरगा त्या तारेला लागतो. डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब गाय चावते आणि तिचा जबडा उडतो. पीक वाचवायला निघालेला शेतकरी खुनाच्या जवळ जाणाऱ्या गुन्ह्यात आत जातो आणि दोन घरे उघडी पडतात. सरळ मार्ग महाग आणि बंद ठेवला की माणसे आडमार्गाने जातात. पण आडमार्गाचा बळी आपल्यातलाच असतो, म्हणून आपण त्या वाटेने जायचे नाही. तारेत वीज सोडणाऱ्याच्या बाजूने ही चळवळ उभी राहणार नाही.

बाकीच्या राज्यांनी काय केले ते पाहा. केरळने २०२२ मध्ये पिकाचा नाश करणाऱ्या रानडुकरांबाबत आदेश देण्याचा अधिकार ग्रामपंचायत अध्यक्षांपर्यंत खाली आणला आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी केली. निर्णय गावात आणि जबाबदारी नावानिशी. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्यात जोडसंरक्षण म्हणून धरले जाईल, नुकसान बहात्तर तासांत ॲपवर कळवायचे. चांगले आहे, पण प्राणी आणि जिल्हे राज्याने ठरवायचे आहेत. आपल्या जिल्ह्याचे नाव त्यात आहे की नाही हे विचारत राहणे आपले काम.

आपल्या मागण्या चार. पीक संरक्षण परवानाधारकांच्या संख्येप्रमाणे जिल्ह्याचा काडतुसांचा, दारूचा आणि टोप्यांचा साठा ठरवावा आणि तो रब्बीच्या पेरणीआधी विक्रेत्याकडे पोचावा. करासह किंमत आणि शिल्लक माल दुकानाच्या फळ्यावर लिहावा. निवडणुकीत सरसकट जमा बंद करून छाननी व्हावी. वनखात्याच्या परवानगीला आणि परवान्याच्या नूतनीकरणाला मुदत घालावी. यात सवलत किंवा अनुदान कुठेच मागितलेले नाही. कायद्याने परवाना दिला, तर तो वापरता येईल एवढा माल बाजारात येऊ द्या, इतकेच.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. काडतुसे कोरड्या डब्यात ठेवा, ओल लागलेले नळीत घालू नका. बंदूक परवाना ज्याच्या नावावर त्याच्याच हातात, भावकीलाही उसनी नाही. शिवाराने एकाच आठवड्यात पेरावे, एकट्याचे आगाप रान साऱ्या कळपाला सापडते. ज्वारीच्या कडेने काटेरी करडईच्या चार ओळी धरा. राखणीच्या पाळ्या वस्तीवार लावा आणि सौर कुंपण घ्यायचे तर चार बांध मिळून घ्या. बंदूक शेवटी.

नागापूरच्या बैठकीला येताना परवान्याची छायाप्रत आणि शेवटच्या तीन खरेदींच्या पावत्या आणा. कोणत्या वर्षी किती मागितली, किती मिळाली, काय भावाने, हे तालुकावार मांडून निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना आणि खडकीच्या कंपनीला द्यायचे आहे. ज्यांच्याकडे अलीकडची पावतीच नाही, त्यांनी परवान्यावरची शेवटच्या खरेदीची नोंद दाखवावी. ती किती जुनी आहे, हाच त्यांचा पुरावा.