सुगंधी डबी कशाला?

चिपळूणच्या पावसात गाडीत कुबट वास सुटला की लोक डॅशबोर्डवर सुगंधी डबी चिकटवतात. मला हे मुळीच पटत नाही. आधी मॅट उचला, खालचा गालिचा दाबून पाहा. डावीकडे ओल लागली तर बहुधा एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असते. एसी चालू असूनही गाडीखाली थेंब पडत नाहीत, ही खूण. ओल चिकट, गोडसर वासाची असेल तर कूलंट गळतंय, गॅरेज गाठा. पुढच्या काचेखालच्या जाळीत अडकलेली आंब्याची पानंही काढा. काचा धुरकटल्या की बाहेरची हवा आत घ्या आणि एसी लावा. ‘पावसात एसी कशाला?’ असं आमचे शेजारी विचारतात. अहो, हवेतली ओल तोच काढतो!