आधीं घर कीं आधीं मैदान?

सन 2004 मध्यें नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे 26 डिसेंबर रोजीं, श्रीलंकेंतील गॉल येथील क्रिकेटच्या मैदानावर इंग्लंडांतील हॅरो शाळेचीं मुलें सामन्यासाठीं आलीं होतीं. इतक्यांत समुद्र आंत शिरला. मुलें उंचावर चढून वाचलीं. परंतु त्या देशांतील 30,000 हून अधिक माणसें त्सुनामीच्या लाटांनीं नेलीं. पुढें तें मैदान नव्यानें उभारण्यांत आलें, व 18 डिसेंबर 2007 रोजीं तेथें इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना सुरू झाला. त्यांत महेला जयवर्धने यांनीं नाबाद 213 धावा केल्या.

हें वाचून मन द्विधा होतें. ज्याचें घरच वाहून गेलें, त्याच्या दृष्टीस आधीं स्वतःचें छप्पर पडावें कीं प्रेक्षागृहाचें? स्वतःचें, असेंच कोणीही सुज्ञ म्हणेल. परंतु शोकाकुल गांवास भाकरीप्रमाणेंच, चारचौघांनीं जमून पुन्हां हंसण्याची जागाही लागते.

इयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुक्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. उपदेश करूं लागतांच ते चुकले. आपणही दूर बसून न्यायनिवाडा करूं नये. ज्यांचें गेलें, त्यांनाच आधीं विचारावें. त्यांनीं मैदान मागितलें, तर ती चैन म्हणून हिणवूं नये. घर मागितलें, तर तें मागणें टाळ्यांच्या गजरांत बुडूं देऊं नये. विद्यार्थीमित्रहो, धावसंख्येबरोबर एवढें ध्यानांत ठेवाल ना?