पावणेसातचा गुप्तहेर

शेतीच्या पानावर चोर, पोलीस आणि गुप्तहेर पाहून घरातले वडीलधारे म्हणतील, ‘साहेबांना आज हे काय सुचले?’ थोडा धीर धरा. चोराचा माग काढत काढत आपण हरभऱ्याच्या वावरात येणार आहोत.

ज्यांच्या घरी १९७० च्या पुढेमागे ट्रान्झिस्टर आला, त्या घरातल्या आजी-आजोबांना आज सहज विचारून पाहा. त्या काळचे बाजारभाव त्यांच्या ध्यानात नसतील, पण विविध भारतीवरचा इन्स्पेक्टर ईगल बहुतेकांना आठवेल. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. तिच्यावर जाहिराती घेण्यास पहिली परवानगी मिळाली ती १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांना. मग कंपन्यांनी पुरस्कृत केलेले कार्यक्रम आले. त्यातलाच हा इन्स्पेक्टर. आवाज विनोद शर्मा यांचा, आणि नाव मिळाले ते ईगल थर्मासवरून. हा थर्मास बनत असे आपल्याच पुणे जिल्ह्यात, तळेगावला. म्हणजे चहा गरम ठेवणाऱ्या बाटलीने एक हेर नोकरीस ठेवला आणि तो गावोगावच्या माजघरात जाऊन बसला! भाषा हिंदी; पण खुनी कोण, हे ओळखायला भाषेची अडचण कुणाला आली नाही.

मराठीतली ही गोडी त्याहून जुनी. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, धनंजय आणि काळापहाड वाचनालयातून घरी येत, हातोहात फिरून पाने सुटी होत, आणि शेवटचे पान नेमके कुणीतरी फाडलेले असे. (फाडणारा कधी सापडला नाही. तो तपास झुंजारनेसुद्धा घेतला नसता.)

रेडिओवरच्या गोष्टीचे बळ कशात होते? दिसत काही नव्हते, त्यात. नारळाच्या दोन करवंट्या आपटल्या की घोडा धावे, पत्र्याचा तुकडा हलवला की वीज कडाडे, चुरचुरणारा पातळ कागद मुठीत चुरगाळला की घर पेटे. बाकीचा वाडा, अंधार, जिन्यावरची सावली हे सारे ऐकणारा आपल्या पदरचे घाली. अमेरिकेत ‘शॅडो’ नावाचा नायक फार गाजला. १९३७ साली ऑर्सन वेल्स या प्रसिद्ध नटाने त्याचे काम केले, आणि मालिका १९५४ पर्यंत चालली. समोरच्या माणसाची मती झाकून त्याला दिसेनासे व्हायचे, ही त्याची विद्या. रेडिओला याहून सोयीचा नायक कोणता? आणि ही विद्या तो शिकला होता म्हणे पूर्वेकडच्या देशात. म्हणजे गुरू आपल्याच बाजूचा कुणी असावा.

सुपरमॅनही १९४० मध्ये तिकडच्या रेडिओवर आला. तो आकाशात उडतो हे पोरांना ठाऊक होतेच. पण १९४६ साली त्या मालिकेने एक धीट काम केले. तिकडे तोंडावर बुरखे घेऊन काळ्या लोकांवर आणि परक्यांवर जुलूम करणारी कू क्लक्स क्लान नावाची गुप्त टोळी होती. नाव थोडे बदलून, तसल्याच एका टोळीशी सुपरमॅनला सोळा भाग झुंजवले. संध्याकाळी दूध-पाव खात बसलेल्या पोरांना कळले, की बुरख्याआडचा माणूस शूर नसतो. शाळेत हे सांगितले असते, तर पोरांनी जांभया दिल्या असत्या.

आता आपल्या कामाची गोष्ट येते. इंग्लंडात बीबीसीवर १९४६ पासून रोज संध्याकाळी पावणेसातला ‘डिक बार्टन’ नावाचा हेर येई. ऐन भरात त्याचे दीड कोटी श्रोते होते. महायुद्ध नुकतेच संपलेले, धान्य रेशनवर, सरकारला शेतीचे उत्पादन वाढवून हवे होते, आणि रेडिओवरची शेतीची भाषणे मात्र कुणी फारशी ऐकत नव्हते. १९४८ मध्ये बर्मिंगहॅम शहरी शेतकरी आणि रेडिओवाले यांची बैठक बसली. त्यात हेन्री बर्ट नावाचा लिंकनशायरचा एक शेतकरी उठला आणि म्हणाला, की आम्हाला हवा आहे तो शेतीतला डिक बार्टन. लोक हसले. पण शेतीचे कार्यक्रम करणारे गॉडफ्रे बेझली यांच्या डोक्यात ते बसले. त्यांनी काय करावे? डिक बार्टन लिहिणारे दोन लेखकच, जेफ्री वेब आणि एडवर्ड मेसन, शेतीच्या गोष्टीसाठी आणले. चोराच्या मागे श्रोत्याला कसे पळवायचे हे ज्यांना ठाऊक, त्यांच्या हाती गायीगुरे दिली!

१९५० मध्ये पाच भाग करून पाहिले, १ जानेवारी १९५१ पासून ‘दि आर्चर्स’ ही मालिका देशभर लागू लागली, आणि मार्चअखेर डिक बार्टन बंद करून त्याची पावणेसातची वेळ या शेतकरी कुटुंबाला दिली. गावची भांडणे, सोयरीक, आजारी गाय, आणि त्यातच पेरणी, खत, दूध. शेती खात्याचा सल्ला तीत १९७२ पर्यंत मिसळला जाई. मालिका पाऊणशे वर्षे ओलांडूनही चालू आहे. हेराला घालवून शेतकरी बसला आणि टिकला, असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आपण काय केले? आपणही कमी केले नाही. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. गीतरामायण १९५५ मध्ये याच केंद्रावरून लागले, हे सर्वांना ठाऊक असते; पण पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या दहा आठवड्यांत, याच केंद्राने युनेस्कोच्या मदतीने केलेला प्रयोग आज शेतकऱ्यांच्याच घरी ठाऊक नाही. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोता मंडळे स्थापली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण वीस. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, ऐकून झाल्यावर त्यावर बोलायचे, ठरवायचे, आणि प्रश्न केंद्राकडे परत पाठवायचे. ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात तेव्हा माणदेशातून आलेले व्यंकटेश माडगूळकर काम करीत होते. गावची बोली रेडिओवर कशी यावी हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि काहीच नसलेली गावे यांची तुलना झाली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली. आणि जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे? फारच थोडी. रेडिओ तोच, कार्यक्रम तोच. फरक एवढाच, की एका ठिकाणी ऐकल्यावर लोक बोलले आणि दुसऱ्या ठिकाणी बटण बंद करून उठले.

आता हेराच्या गोष्टीकडे पुन्हा पाहा. तिच्यावर बोलायला कुणाला मंडळ काढावे लागले नाही, संयोजक नेमावा लागला नाही. भाग अर्ध्यावर तुटला की सकाळी पाणवठ्यावर, एस.टी.च्या थांब्यावर चर्चा आपोआप सुरू. ‘तो माळीच असणार.’ ‘छे, माळी कसा, तो तर गावाला गेला होता.’ उत्तर आधी दिले तर माणूस मान डोलावतो. प्रश्न ठेवला तर तो पुरावे जुळवू लागतो. आम्ही विस्तार खात्यातली माणसे उत्तर आधी देण्यात पटाईत. इतके मिली औषध, इतक्या लिटर पाण्यात, नमस्कार!

तेव्हा आता हरभऱ्यात चला. पेरून तीन आठवडे झाले आहेत. काल संध्याकाळी रोपे उभी होती. सकाळी पाहता तर ठिकठिकाणी जमिनीलगत कापून आडवी. संशयित चार: शेजाऱ्याची शेळी, ससा, पाखरे आणि एखादी अळी. पुरावे ऐका. मातीत खुराचा ठसा नाही. कापलेली पुष्कळ रोपे तिथेच पडली आहेत. दिवसा कितीही शोधा, रोपावर कुणी नाही. आणि नुकसान ढेकळे जास्त असलेल्या भागात अधिक आहे.

इथे वाचन थांबवा आणि घरात विचारा. शेळीने रोप टाकून दिले असते का?

आता उत्तर. कापलेल्या रोपाच्या बुडाशी बोटाने दोनतीन सेंटिमीटर माती उकरा. काळपट, गुळगुळीत अळी वेटोळे करून पडलेली मिळेल. ही रोपे कुरतडणारी अळी. दिवसा ढेकळाखाली झोपते, रात्री कापते. गुन्हेगार कळला की शिक्षाही स्वस्त पडते: संध्याकाळी ओळींमध्ये गवताचे लहान ढीग ठेवा, आसऱ्याला आलेल्या अळ्या सकाळी गोळा करून मारा. ज्याने तपास केला नाही, तो दुकानात जातो. दुकानदार तपास करीत नाही, तो बाटली देतो. कधी तीन देतो. नको असलेले औषध मारण्यात पैसा जातोच, पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे विसरून कसे चालेल?

आजकाल गावच्या व्हॉट्सॲप गटात पानाचा एक फोटो येतो आणि खाली ‘उपाय सांगा’. हा कसला जबाब? कोणत्या वेळी दिसले, पानाच्या वरून की खालून, सगळ्या वावरात की बांधाच्या कडेलाच, आधी काय फवारले, शेजारच्या रानात आहे का, हे पाच प्रश्न फोटोबरोबर लिहा. सांगणाऱ्याचे काम निम्मे होईल, आणि बऱ्याचदा लिहिता लिहिता तुम्हालाच चोर सापडेल. मोबाइलवर ‘शॅडो’ आणि ‘सुपरमॅन’ यांचे जुने इंग्रजी भाग मिळतात. कॉलेजात जाणाऱ्या नातवाला लावायला सांगा, अर्थ त्याच्याकडून ऐका आणि शेवटाआधी बंद करायला लावा. घरातल्या बायकांना ओळखू द्या. निंदणी करताना रोपाशी सगळ्यात जवळ बसणाऱ्या त्याच. शेतातले पुरावे पहिल्यांदा त्यांच्या नजरेस पडतात, पण जबाब कुणी त्यांचा घेत नाही.

एक गुन्हा तुमच्याकडे सोपवतो. डाळिंबाची बाग, फळे पक्व होत आलेली. रोज सकाळी काही फळांवर बारीक गोल छिद्र दिसते, त्याभोवतीचा भाग सडतो, फळ गळते. फळ फोडले तर आत अळी नाही. झाडावरही अळी नाही. दिवसा फवारून उपयोग झाला नाही. पुरावा एक देतो: बागेच्या बांधावर गुळवेल आणि वासनवेल माजली आहे, आणि त्या वेलींची पाने कुणीतरी कुरतडलेली आहेत. रात्री आठनंतर बॅटरी घेऊन बागेत जा, आणि काय दिसले ते पोस्टकार्डावर कळवा. उत्तर पुढच्या अंकी.