साडेतीन गुंठ्यांचं मैदान

विजय बारसे हे नाव तुम्हाला कशामुळे माहीत आहे? बहुतेक जण 'झुंड' म्हणतील. नागराज मंजुळेचा, २०२२ चा. त्यात अमिताभने रंगवलेले सर बारसेंवरूनच घेतलेत. उरलेले म्हणतील, २०१४ मध्ये आमिर खानच्या 'सत्यमेव जयते'मध्ये पाहिलं होतं. पाहिलं, डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या, संपलं!

माझी तक्रार नेमकी इथेच आहे. आपण या माणसाला देव करून टाकलं. आणि एकदा देव्हाऱ्यात बसवलं की त्याच्यासारखं वागायची जबाबदारी आपल्यावर उरत नाही. किती सोयीचं!

बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळाचे सर होते. म्हणजे कॉलेजची टीम निवडा, सामने खेळवा, ढाल मिळाली तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये ठेवा, हे त्यांचं काम. एका पावसात त्यांना झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. अशी पोरं आपल्यालाही रोज दिसतात. फरक एवढाच की ही पोरं कुठल्याच हजेरीपटावर नसताना बारसेंनी ती आपली मानली. त्यांच्या हाती फुटबॉल दिला, २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतल्या संघांच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यातूनच 'स्लम सॉकर' उभं राहिलं. त्यातला अखिलेश पॉल बेघरांच्या वर्ल्ड कपपर्यंत गेला. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला.

आता जरा गणित. बेघरांच्या वर्ल्ड कपचं मैदान केवढं असतं? २२ मीटर बाय १६ मीटर. एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. ३५२ चौरस मीटर म्हणजे आपल्या भाषेत साडेतीन गुंठे! आमच्या पाथर्डीत एवढ्या जागेत लोक बंगला बांधून वर पार्किंग काढतात. तेव्हा 'जागा नाही हो' हे कारण कृपा करून सांगू नका.

पाथर्डी तालुक्यातून दिवाळीच्या आसपास कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे आजी-आजोबांकडे राहिलेली पोरं शाळा सुटल्यावर काय करतात? थोडी मोठी झाली की भरतीचं वेड. पोलीस भरतीचे १६०० मीटर मारायला पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर पळतात, शेजारून ट्रक जातोय. आणि त्याच वेळी गावोगावच्या कॉलेजांची मैदानं कुलपात असतात!

यावर उत्तरं ठरलेली आहेत. बाहेरची पोरं दंगा करतात. काही झालं तर जबाबदारी कुणाची? नॅकमध्ये याचे मार्क नाहीत. मी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो (नाव कशाला घ्या), तिथे जिमखाना फी न चुकता घ्यायचे. बॉल मात्र फक्त गॅदरिंगच्या आठवड्यात बाहेर यायचा. तिथे बाहेरच्या पोरांचा प्रश्नच नव्हता, आतल्यांनाच कुणी विचारत नव्हतं.

जबाबदारीचा प्रश्न खोटा नाही, मान्य. पण त्याचं उत्तर कुलूप नसतं. रोज दोन तास, एक माणूस, एक वही, पोरांची नावं आणि घरचे फोन नंबर. एवढ्याने काम सुरू होतं. मैदानावर असेपर्यंत पोरगं वाईट नादापासून लांब राहतं, बारसेंचा हिशोब इतका साधा होता.

आपल्याकडे यशस्वी कोच म्हणजे किती ढाली, किती विद्यापीठ खेळाडू. मी म्हणतो, दुसरा आकडा मोजा. हजेरीपटावर नसलेली किती पोरं यंदा तुमच्या मैदानावर खेळली? बऱ्याच कॉलेजांत उत्तर शून्य येईल, आणि तिथल्या केबिनमधल्या ढाली पुसण्यात काही अर्थ नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, पुढच्या मेळाव्यात कॉलेज देणगी मागेल तेव्हा आधी एक विचारा: गेट संध्याकाळी किती वाजता उघडणार? उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या.