हात न टेकता उठता येतं का?

मागच्या रविवारी आत्याकडे गेलो होतो. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. देवासमोर मांडी घालून वाती वळत बसली होती. उठायची वेळ आली तेव्हा तिने आधी डावा हात जमिनीला टेकला, उजव्याने कपाटाची कड धरली, गुडघ्यावर आली, क्षणभर तशीच थांबली आणि मग उभी राहिली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "असू दे रे, वय झालं आता." आतून सुनेचा आवाज आला, "आई, किती वेळा सांगितलं, खाली बसू नका. आम्ही करतो सगळं."

दोघींच्या बोलण्यात मायाच होती. तरीही आज मला याच दोन वाक्यांशी भांडायचं आहे. आपल्या घरोघरी म्हाताऱ्या माणसांचे पाय जातात, त्यात या वाक्यांचा वाटा मोठा आहे.

ठेच लागली की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. हा दाह कामाचा असतो. जखम भरली की तो ओसरतो. उतारवयात मात्र दुसराच एक दाह अंगात मुक्काम ठोकतो. तो दिसत नाही, ठणकत नाही, राखेखालच्या निखाऱ्यासारखा वर्षानुवर्षं धुमसत राहतो. इटलीतले शास्त्रज्ञ क्लॉडिओ फ्रान्चेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्याला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. पोटावरची चरबी, आटोक्यात नसलेली साखर, तंबाखू, दुर्लक्ष केलेल्या हिरड्या हे सगळे त्याला सरपण पुरवतात. थकलेल्या काही पेशी विभागायच्या थांबतात, पण मरत नाहीत. त्याही दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात.

या रसायनांपैकी एक म्हणजे इंटरल्युकिन-६. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, चालत्याफिरत्या वृद्धांच्या रक्तात ते किती आहे हे मोजून ठेवलं आणि चार वर्षांनी ती माणसं कशी आहेत ते पाहिलं. ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं, त्यांच्यात चालणं-जिना चढणं अवघड झालेले अधिक निघाले. १९९९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. धुमसता दाह स्नायूंची झीज वाढवतो, भर मात्र पडू देत नाही. म्हणून वजनकाटा तोच आकडा दाखवतो आणि मांड्या मात्र बारीक होत जातात.

हा निखारा विझवायला गोळी शोधू नका. वेदनाशामकं मनाने घेत राहिलात तर पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही पणाला लागतील. खरा उपाय स्नायूंना काम देण्यात आहे. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग मी जमेल तिथे सांगत असतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तिथल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांतली ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. दोघांची तर चालतानाची काठी सुटली. नव्वदाव्या वर्षी हे होऊ शकतं, मग चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपण हार का मानायची?

याच्या उलटही होतं. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणाला खिळवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. न्यूमोनियाने आठवडाभर दवाखान्यात पडलेले आजोबा घरी येतात ते भिंत धरूनच. आपण म्हणतो, आजाराने खचले. आजाराचा दाह असतोच, पण खाटेवरून उतरू न देण्याने निम्मं काम केलेलं असतं. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, "यांना केव्हापासून चालवायचं?"

दुसरी चूक ताटात होते. दात गेले म्हणून सकाळी चहात बुडवलेली पोळी, रात्री मेतकूट-भात. पोट भरतं, स्नायू उपाशी राहतात. साठ किलोच्या वृद्ध माणसाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात मिळतात जेमतेम सहा. म्हणून दोन्ही वेळा घट्ट वरण, मऊ शिजवलेली मटकी, दही, पनीर, चालत असेल तर अंडं-मासे हवेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि या आठवड्यात एक चाचणी घरी करा. हात नसलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, शेजारी कुणीतरी उभं राहा. हात छातीशी घडी घालून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेला निकष असा, की १२ सेकंद किंवा अधिक लागले तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी. चक्कर आली, छातीत दुखलं तर तिथेच थांबा.

आत्याने ही चाचणी त्याच दुपारी दिली. सून शेजारी उभी राहिली, मी मोबाइलवर वेळ लावली. तिसऱ्या वेळी आत्या डगमगली, पण हात टेकला नाही. १७ सेकंद. सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, तो आकडा लिहून ठेवला आणि वातींचा डबा होता तिथेच, खाली देवासमोर, परत ठेवला.